ग्रीन कार्ड, जामीन आणि चाळीस क्वार्टर

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गल्लीत चार घरांतली पोरं अमेरिकेत आहेत. त्यामुळं आमच्याकडं पावसापेक्षा व्हिसाची चर्चा जास्त. मी बँकेच्या कर्ज विभागात अठ्ठावीस वर्षं काढली, बारीक अक्षरातलं वाचायची सवय आहे, म्हणून कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो.

परवा शेजारचे काका आले. काखेत निळी प्लास्टिकची फाइल, पाठोपाठ काकू. फाइलमध्ये लग्नाचा दाखला, जन्मदाखल्यांची भाषांतरं, पोलीस क्लिअरन्स, आणि मध्येच कधीतरी घुसलेलं लाइटबिल. मुलगा न्यू जर्सीत असतो. तो आता अमेरिकेचा नागरिक झालाय, आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी त्यानं अर्ज केलाय आणि मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत व्हायची आहे. चहा येईपर्यंत काका गप्प होते. मग म्हणाले, "ताई, तिकडं ग्रीन कार्ड झालं की पासष्टीनंतर पगार चालू होतोय म्हणं. दवाखाना बी फुकट. खरं काय?"

ही माहिती रंकाळा तलावाकाठच्या बाकावरून आलेली. सकाळी फिरून झालं की तिथं जी मंडळी टेकतात त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याच्या वडिलांना असा पगार मिळत होता. आणि गंमत म्हणजे ते खोटं नसणार. ते वडील गेले कधी, एवढंच बाकावर कुणी विचारलं नाही.

आपल्याकडं रेशन कार्ड प्रत्येकाकडं असतं. पण दुकानात काय मिळणार ते कार्ड आहे की नाही यावर ठरत नाही, पिवळं, केशरी की पांढरं यावर ठरतं. अमेरिकेतही तसंच आहे. तिथं कायदेशीर राहणं ही एक गोष्ट आणि सरकारी मदतीला पात्र असणं ही दुसरी. बरीच माणसं तिथं अगदी कायदेशीर राहतात, कर भरतात, आणि तरी त्यांना कुठल्याच योजनेत हात घालता येत नाही. तिथल्या खिडकीवर चार गोष्टी बघतात: तुम्ही कुठल्या कागदावर आत आलात, तो कागद किती वर्षं तुमच्या हातात आहे, तुमच्यासाठी सही कुणी केली, आणि तुम्ही तिथं काम करून किती कर भरला. माणूस गरीब आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

सगळ्यात सोपं प्रकरण आधी संपवते. लेकीच्या-सुनेच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिने जातात तो व्हिजिटर व्हिसा. त्यावर काहीही मिळत नाही. पाहुण्यानं आपला दवाखाना आपल्या खिशातून करायचा. प्रवासी विमा काढून जातात, पण त्यात दोन जाती असतात. एकात बिलाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते, दुसऱ्यात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम बांधलेली असते, खोलीचे दिवसाला इतके, डॉक्टरच्या भेटीचे इतके. माझी मावशी दुसऱ्या जातीचा, स्वस्तातला विमा घेऊन गेली आणि तिथं बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडून बसली. विम्यानं नियमाप्रमाणं पैसे दिले. ते बिलाच्या मानानं देवळातल्या दक्षिणेएवढे होते. उरलेलं मावसभाऊ दोन वर्षं हप्त्यानं फेडत होता. आधीपासूनच्या बीपी-शुगरचं तर बहुतेक पॉलिसीत नावच काढायचं नाही. मेडिकलमधून सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून नेणारे आपले लोक वेडे नाहीत.

एक मात्र आहे. जीवावर बेतलं तर इमर्जन्सीत कुणाला परत पाठवता येत नाही. १९८६ च्या कायद्यानं मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, आलेला माणूस तपासून स्थिर करावा लागतो. पैसे आहेत का, कागद आहेत का, हे न बघता. पण बिल माफ होतं असं त्या कायद्यात कुठंही म्हटलेलं नाही. ते घरी येतंच.

आता काकांचं ग्रीन कार्ड.

२२ ऑगस्ट १९९६. ही तारीख मी काकांना फाइलवर लिहायला लावली. त्या दिवशी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली आणि परदेशातून आलेल्यांच्या सरकारी मदतीचं सगळं गणित बदललं. त्याआधी ग्रीन कार्डवाल्याला जवळपास नागरिकासारखंच धरायचे. रंकाळ्यावरच्या गोष्टीतले वडील बहुधा त्या काळात गेलेले. त्यांना मिळालेला 'पगार' म्हणजे एसएसआय, गरीब म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना दरमहा मिळणारी रोख मदत. आपल्या श्रावणबाळ योजनेची श्रीमंत बहीण म्हणा. तो दरवाजा काकांसारख्यांना लागून आता तीस वर्षं होत आली, पण त्याची कीर्ती बाकावर अजून ताजी आहे.

१९९६ च्या कायद्यानं केलं काय, तर गरिबी बघून दिल्या जाणाऱ्या केंद्राच्या मोठ्या योजना वेगळ्या काढल्या. मेडिकेड म्हणजे गरिबांचा दवाखाना, पुढच्या वर्षी आलेला मुलांचा आरोग्य विमा, फूड स्टँप ज्याला आता स्नॅप म्हणतात ती किराण्याची मदत, कुटुंबांना मिळणारी रोख रक्कम, आणि एसएसआय. त्या तारखेनंतर ग्रीन कार्ड घेऊन आलेल्या माणसानं यातल्या बहुतेकांसाठी पाच वर्षं थांबायचं. पाच वर्षं मोजायची ती ग्रीन कार्डाच्या दर्जाची, आधी व्हिजिटर म्हणून केलेल्या तीन फेऱ्या त्यात धरत नाहीत.

"पाच तर पाच," काका म्हणाले. "त्याहत्तरीला चालू हुईल."

नाही होणार. एसएसआयला पाच वर्षं पुरत नाहीत, वर चाळीस क्वार्टर लागतात.

क्वार्टर म्हटल्यावर काका ज्या पद्धतीनं हसले त्यावरून काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. तर ही क्वार्टर म्हणजे वर्षाची तिमाही. तिथं पगारातून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी पेन्शनचा, कर कापला जातो आणि ठरावीक कमाईला एक क्वार्टर नावावर जमा होते. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमावले की एक. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे चाळीस व्हायला किमान दहा वर्षं काम. तीन-तीन महिने थांबायलाच पाहिजे असं नाही, ७,२४० डॉलर दोन महिन्यांत कमावले तरी त्या वर्षाच्या चारही जमा.

"पोरानं पंधरा वर्षं भरलाय की कर. त्याच्या क्वार्टर माझ्या नावावर येत नाहीत?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात आणि तो आपल्या संस्कारातून आलेला आहे. मुलाचं ते बापाचं. तिथला कायदा उलटं बघतो. नवऱ्याच्या क्वार्टर बायकोला धरता येतात, बायकोच्या नवऱ्याला. आईबापाच्या, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच्या, मुलाला धरता येतात. पण मुलाच्या आईबापाकडं चढत नाहीत. वारसा तिथं फक्त खाली उतरतो.

म्हणजे काकांना एसएसआय हवा असेल तर दोनच रस्ते. अडुसष्टाव्या वर्षी तिथं काम धरून, स्वतःच्या आणि काकूंच्या मिळून, चाळीस क्वार्टर भरायच्या, किंवा नागरिक व्हायचं. नागरिक झाल्यावर १९९६ च्या अटी गळून पडतात, पण गरिबीची अट राहते, आणि ती कडक आहे. एकट्या माणसाकडं २,००० डॉलरच्या वर आणि नवराबायकोकडं मिळून ३,००० डॉलरच्या वर मालमत्ता नको. राहतं घर आणि एक गाडी वगळतात. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. आणि मालमत्ता म्हणजे अमेरिकेतलीच नव्हे. राजारामपुरीतला फ्लॅट, शिरोळातली दीड एकर उसाची जमीन, पतसंस्थेतली ठेव, सगळं सांगावं लागतं. लपवलं तर तो गुन्हा. शिवाय सलग तीस दिवस देशाबाहेर राहिलं की एसएसआय थांबतो. म्हणजे दिवाळीला दोन महिने कोल्हापूरला यायचं आणि पगारही चालू ठेवायचा, हे जमत नाही.

नागरिकत्वासाठीही ग्रीन कार्डानंतर पाच वर्षं, त्यातली निम्मी तरी प्रत्यक्ष तिथं काढलेली, आणि इंग्रजीची परीक्षा. वयाची सूट आहे, पण ती पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्डावर काढलेल्यांना, किंवा पंचावन्न ओलांडलेल्या आणि पंधरा वर्षं काढलेल्यांना. काकू म्हणाल्या, "मला पेपरातली रेसिपी येते वाचायला." तेवढ्यावर कदाचित भागेलही, परीक्षा काही फार अवघड नसते. पण दुसऱ्याला पाठवून खपवून नेता येत नाही, समोर बसून द्यायची असते.

आता फाइलमधल्या ज्या कागदावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो. आय-८६४ नावाचा फॉर्म, मुलाच्या सहीचा. काकांनी तो उलटून ठेवला होता, कारण "ते पोराचं हाय".

पोराचं खरंच, पण प्रकरण आपल्या ओळखीचं आहे. पतसंस्थेतून कर्ज काढताना जामीनदार लागतो ना? हा तोच जामीन. कोल्हापुरात दुसऱ्याला जामीन राहून हात पोळलेला माणूस प्रत्येक खानदानात एक तरी असतो, त्यामुळं शब्दाचं वजन सांगायची गरज नाही. आईवडिलांना ग्रीन कार्डावर बोलावणारा मुलगा अमेरिकेच्या सरकारला लिहून देतो की मी यांना पोसेन, यांचा भार सरकारवर पडू देणार नाही. त्यासाठी त्याची कमाई तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी दाखवावी लागते. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि हे दोघं, अशा सहा जणांच्या घराला २०२५ च्या तक्त्याप्रमाणं ५३,९३७ डॉलर. कमी पडले तर दुसरा जोडीचा जामीनदार चालतो. आयटीतल्या माणसाला हा आकडा जड नाही, म्हणून पोरं त्या फॉर्मवर फारसा विचार न करता सही करतात.

पण बँकेच्या जामिनात आणि यात एक फरक आहे. आमच्याकडं कर्ज फिटलं की जामीनदार सुटायचा. इथं फिटणं ही भानगडच नाही. आईवडील नागरिक झाले, किंवा त्यांच्या नावावर चाळीस क्वार्टर जमल्या, किंवा ते कायमचे अमेरिका सोडून गेले, किंवा मृत्यू आला, तरच हा जामीन संपतो. मुलाची नोकरी गेली, तरी नाही. बापलेकांचं बोलणं बंद झालं, तरी नाही. याच फॉर्मवर बायकोला आणलं असेल तर घटस्फोटानंतरही नाही.

आणि हा जामीन कागदावर पडून राहत नाही. पाच वर्षं संपल्यावर काकांनी मेडिकेडसाठी अर्ज केला तर अधिकारी त्यांचं उत्पन्न विचारताना जामीनदार मुलाचं, आणि तो सुनेबरोबर राहत असेल तर सुनेचंही, उत्पन्न काकांच्या खात्यात धरू शकतात. मुलगा महिन्याला एक डॉलर देत नसला तरी! कागदावर काका श्रीमंत होतात आणि अर्ज फेटाळला जातो. इतकं करूनही मदत दिली गेलीच, तर ती देणारं सरकार मुलाकडून वसूल करू शकतं. आणि शेवटचा भाग वाचून दाखवल्यावर काकू अस्वस्थ झाल्या: मुलानं पोसलं नाही तर आईवडील याच कागदावर त्याच्यावर तिथल्या कोर्टात दावा लावू शकतात. "शुभं बोला की ओ," म्हणाल्या.

मग पहिली पाच वर्षं औषधपाण्याचं काय? इथं दोन सारख्या नावांचा घोळ आधी सोडवायला पाहिजे. मेडिकेड गरिबी बघून, आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या वळणाचं, राज्यं चालवतात आणि केंद्र पैसे घालतं. मेडिकेअर वय बघून, पासष्टीनंतर, आणि ते मुळात आयुष्यभर भरलेल्या कराच्या बदल्यात. ज्यानं स्वतः किंवा ज्याच्या जोडीदारानं चाळीस क्वार्टर भरल्यात त्याला मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग बिनाहप्त्याचा. ज्यानं भरलेल्या नाहीत त्यालाही मेडिकेअर बंद नाही, पण विकत घ्यावं लागतं, आणि त्यासाठी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथं राहिलेलं असावं लागतं. २०२५ मध्ये हॉस्पिटलचा भाग महिन्याला ५१८ डॉलर, डॉक्टरांचा भाग १८५ डॉलर. दोघांचे मिळून १,४०६. रुपयांत लाखाच्या वर, दर महिन्याला. काका थोडा वेळ छताकडं बघत होते.

किमान तीस आणि चाळीसपेक्षा कमी क्वार्टर असतील तर हॉस्पिटलचा भाग स्वस्त पडतो, त्या वर्षी २८५ डॉलर. म्हणून आपली बरीच जाणती मंडळी तिथं गेल्यावर दुकानात, शाळेच्या कॅन्टीनमध्ये, लायब्ररीत अर्धवेळ काम धरतात. इथल्या माणसांना वाटतं, पोरगं एवढं कमावतं आणि बाप तिथं पिशव्या भरतोय. तो बाप क्वार्टर भरत असतो. आणि एकानं चाळीस भरल्या की नवराबायको दोघांचं काम होतं.

मेडिकेअर सुरू होईपर्यंत खासगी विमा घ्यायचा, तो सरकारी बाजारातून. २०१० च्या आरोग्य कायद्यानं, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात, हा बाजार उभा केला आणि तिथं नव्या ग्रीन कार्डवाल्यालाही लगेच विमा घेता येतो. कमी उत्पन्न असेल तर हप्त्यात सरकारी सवलतही मिळायची. दारिद्र्यरेषेखालचं उत्पन्न असणाऱ्या नागरिकाला ही सवलत नाही, त्यानं मेडिकेडमध्ये जावं अशी रचना आहे. पण ज्यांना पाच वर्षांच्या अटीमुळं मेडिकेड मिळत नाही, त्या नव्यानं आलेल्यांना अपवाद होता. आपल्या आईवडिलांची बरीच गाडी त्या अपवादावर चालत होती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कायद्यानं तो अपवाद १ जानेवारी २०२६ पासून काढला. आता सवलत हवी तर उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर दाखवावं लागतं. मुलानं करविवरणात आईवडिलांना अवलंबित म्हणून दाखवलं तर मुलाचं उत्पन्न मोजलं जातं. कुठल्या बाजूनं फायदा होतो ते त्या घराच्या आकड्यांवर ठरतं, आणि हे गणित विमान पकडायच्या आधी मुलाच्या सीएकडून करून घ्यावं.

त्याच कायद्यानं आणखीही कातर चालवली. निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक आजवर पाच वर्षांच्या अटीतून मोकळे होते. आता स्नॅपसाठी, आणि ऑक्टोबर २०२६ पासून मेडिकेडसाठी, त्यांनाही ग्रीन कार्डाची वाट बघावी लागणार. २०२७ पासून विम्याच्या सवलतीची यादी अशीच आखडते, आणि त्याचा फटका आपल्याकडच्या एच-१बी वाल्यांना, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांना, बसेल, कारण ते कायदेशीर असले तरी यादीत उरत नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांचा विमा कंपनी काढते म्हणून ओरड कमी आहे.

एच-१बी चं दुखणं वेगळंच आहे. पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के पहिल्या दिवसापासून कापतात. मेडिकेड नाही, स्नॅप नाही. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा बाडबिस्तरा गुंडाळायला जास्तीत जास्त साठ दिवस. आणि दहा वर्षं भरायच्या आत तो कोल्हापूरला परत आला तर भरलेल्यातून पेन्शन उभी राहत नाही. काही देशांचे अमेरिकेशी करार आहेत, इथली वर्षं तिथं धरायचे. भारताशी तसा करार नाही. आपल्या सरकारनं हा विषय किती वर्षं काढलाय, पण गाडी तिथंच आहे. मला विचाराल तर मदतीवरच्या सगळ्या वादापेक्षा हा मुद्दा मोठा आहे, फक्त तो रंकाळ्यावर कुणी काढत नाही.

त्याच एच-१बी वाल्याचं तिथं जन्मलेलं मूल मात्र नागरिक असतं. जन्मानं मिळणाऱ्या या नागरिकत्वावर जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांचा आदेश निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, पण आज शाळेत जाणाऱ्या नातवंडांना त्याची झळ नाही. मूल जे घेतं ते त्याच्या स्वतःच्या हक्कानं, बापाचा व्हिसा बघून नाही. सरकारी शाळा तर कागद नसलेल्या मुलालाही नाकारता येत नाही, १९८२ पासून तसा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. शाळेतलं जेवण आणि गरोदर बाया व लहान मुलांचा पोषण आहारही व्हिसा विचारत नाही. काही राज्यं मुलं आणि गरोदर बायकांसाठी पाच वर्षांची अट स्वतःहून सोडतात. त्यामुळं 'अमेरिकेत काय मिळतं' याचं उत्तर न्यू जर्सीत एक आणि टेक्सासमध्ये दुसरं.

मुलाखतीची भीती काकांना वेगळीच होती. कुणीतरी सांगितलेलं की सुनेनं बाळंतपणात कसली तरी सरकारी मदत घेतली होती, ती बाहेर आली तर व्हिसा अडकणार. ही भीती एका जुन्या शब्दापाशी येते: पब्लिक चार्ज. म्हणजे सरकारवर भार होणारा माणूस. १८८२ च्या कायद्यापासून असा भार होईलसं वाटणाऱ्याला दारातच अडवता येतं. अधिकारी वय, तब्येत, घरची माणसं, पैसाअडका, शिक्षण आणि जामीनदाराचा फॉर्म बघतात. डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमात भार याचा अर्थ बांधून दिलाय, एसएसआयसारख्या रोख मदतीवर मुख्यतः जगणं, किंवा सरकारी खर्चानं कायमचं संस्थेत राहणं. किराण्याची मदत, साधं मेडिकेड, शाळेचं जेवण त्यात धरत नाहीत. आणि दुसऱ्या माणसानं त्याच्या स्वतःच्या नावावर घेतलेली मदत काकांच्या अर्जात मोजली जात नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं हा नियमच रद्द करायचा प्रस्ताव मांडला, म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीला जास्त जागा. मुलाखतीच्या दिवशी जो नियम असेल तो लागू. काकांची शुगर आहे, वय आहे, इंग्रजी बेताचं आहे. म्हणून मी त्यांना मुलाचे करविवरण, पगारपत्रकं, आणि स्वतःची पेन्शन, ठेवी, फ्लॅटचे कागद नीट लावून न्यायला सांगितलं. इथं गरिबी दाखवून काम होत नाही, ऐपत दाखवून होतं. आपल्याकडं तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढताना आपण जे करतो त्याच्या बरोब्बर उलटं.

काकूंचा बेत असा होता की सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. उन्हाळ्यात आंबे इथं. ग्रीन कार्ड म्हणजे तिथं कायम राहतो असं सांगून घेतलेला कागद, सहलीचा पास नाही. १८० दिवसांच्या वर बाहेर राहून परतलं तर विमानतळावर नव्यानं येणाऱ्यासारखं धरता येतं, आणि मग तो भाराचा प्रश्न पुन्हा. नागरिकत्वाची आणि मेडिकेअरची पाच वर्षंही विस्कटू शकतात. वर्षाच्या वर राहायचं असेल तर निघायच्या आधी, तिथं असतानाच, परतीच्या परवान्याचा अर्ज करायचा. तो साधारण दोन वर्षांपर्यंत चालतो, पण मोजणीतला खड्डा भरून काढत नाही.

इथली बाजू मी थोडक्यात सांगितली. ग्रीन कार्ड घेतलं तरी पासपोर्ट भारताचाच राहतो, मतदानाचा हक्क राहतो, वडिलोपार्जित जमीन राहते. पण अनिवासी झालं की नवी शेतजमीन घेता येत नाही, साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यावं लागतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे पैसे टाकता येत नाहीत, आणि पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार घ्यायचे नाहीत. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड, पाच लाखांचं, हे इथं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना मिळतं. म्हणजे काका दोन वर्षं थांबले असते तर इथं ज्या गोष्टीला पात्र झाले असते, ती सोडून ते तिथं पाच वर्षं थांबायला निघालेत.

"सहा हजार बी जातात म्हणा की," काका म्हणाले. बाकी सगळ्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं असावं.

फाइल बांधायच्या आधी त्यांनी तो आय-८६४ परत बाहेर काढला, चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचायला घेतला. साडेआठ वाजले होते, शनिवार होता, तिकडं सकाळचे अकरा. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

"काय रे, हे जामिनाचं तू सही करायच्या आधी वाचलं होतंस काय?"

"कुठलं?" मागं नातवंडांचा कालवा चालू होता. "बाबा, वकिलानं जिथं पेन्सिलनं फुली मारली होती, तिथं केली सही."